२४० चे २३० झाले, पण कागदावर

मीटर आणि फ्यूजबोर्ड यांच्यामध्ये एक डबा बसवा, व्होल्टेज २२० वर आणा आणि बिल कमी करा, अशी जाहिरात ब्रिटनमधल्या घरमालकांना बरीच वर्षं केली गेली. हा डबा मुळात का निघाला, याचं उत्तर १ जानेवारी १९९५ च्या एका बदलात आहे.

१९४८ साली राष्ट्रीयीकरण होईपर्यंत तिथे शेकडो खासगी कंपन्या आणि नगरपालिका वीज पुरवत, आणि ज्याचं त्याचं व्होल्टेज वेगळं. घर बदललं की जुने दिवे-इस्त्री नव्या घरी चालतीलच याची खात्री नसे. पुढे देशभर २४० ठरलं. समुद्रापलीकडच्या युरोपात मात्र २२० होतं. सामाईक बाजारपेठेसाठी दोघांनी २३० मान्य केलं, पण मर्यादा सोयीनं आखून. ब्रिटनमध्ये १० टक्के वर, ६ टक्के खाली, म्हणजे २१६.२ ते २५३ व्होल्ट. आधीचं २४० या पट्ट्यात आरामात बसत होतं. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरला कुणी हात लावला नाही आणि घरात येणारं व्होल्टेज २४० च्या आसपासच राहिलं.

इथेच विक्रेत्यांना जागा मिळाली. उपकरणं २३० साठी बनवलेली, मग वरचे व्होल्ट फुकट जातात, असा त्यांचा मुद्दा. तो अर्धाच खरा होता. किटली घ्या. २४० व्होल्टवर ३ किलोवॅट घेणारी किटली २२० वर साधारण अडीच किलोवॅट घेते. पण लिटरभर पाणी उकळायला उष्णता तेवढीच लागते. पावणेदोन-दोन मिनिटांचं काम सव्वादोन मिनिटांवर जातं, युनिटं तितकीच पडतात. गीझर, इस्त्री, हीटर, थर्मोस्टॅट असलेल्या सगळ्यांची हीच गोष्ट.

खरा फरक पडायचा तो पिवळ्या बल्बमध्ये. २२० वर त्याची वीज तेरा टक्क्यांच्या आसपास कमी होते, बल्ब जास्त दिवस टिकतो, पण उजेडही जवळपास पाव भागानं उतरतो. ही किंमत जाहिरातीत ठळकपणे सांगायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. जुन्या फ्रीजच्या मोटरमध्येही थोडी बचत व्हायची.

मग २००९ ते २०१२ या काळात युरोपीय संघानं हे बल्ब टप्प्याटप्प्यानं बाजारातून हटवले. एलईडी, टीव्ही, लॅपटॉपचा चार्जर यांच्यातला इलेक्ट्रॉनिक पुरवठा व्होल्टेज उतरलं की जास्त करंट ओढून तेवढीच वीज घेतो. ज्या भारावर डब्याची बचत उभी होती, तोच घरातून गेला.

आपल्याकडची अडचण उलटी. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही घरगुती पुरवठ्याचं व्होल्टेज ठरल्यापेक्षा सहा टक्केच वर-खाली जायची मुभा होती, पण फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या, टोकाच्या गावात संध्याकाळी ‘व्होल्टेज डाऊन’ आणि पंप जळण्याची भीती. म्हणून इथे स्टॅबिलायझर आला तो मुख्यतः व्होल्टेज चढवण्यासाठी.

ब्रिटनमध्ये व्होल्टेज उतरवण्याचं काम आता वितरण कंपन्यांकडे सरकतं आहे. इंग्लंडच्या वायव्य भागात इलेक्ट्रिसिटी नॉर्थ वेस्टनं उपकेंद्रातूनच ते नियंत्रित करण्याचे प्रयोग केले. त्यात ग्राहकाला भिंतीवर काहीच बसवावं लागत नाही.