महेश्वरची ‘चकमक’

भाच्याने महेश्वरहून बोटाच्या पेराएवढा दुधी दगड आणला आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, ‘आदिमानवाची चकमक!’ काकू-मावश्यांचे अंगठेही आले. पण अस्सल चकमक, म्हणजे फ्लिंट, मिळते इंग्लंड-फ्रान्सच्या खडूच्या थरांत. आपल्या माळव्यात बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थिजताना बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका (वाळूतला मुख्य घटक) विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि कॅल्सेडनी नावाचा दुधी दगड साचला. पट्टे असले की त्यालाच अकीक म्हणतात. (इंदूरच्या बाजारात हाच ‘हकीक’ शनीच्या नावाने अंगठीत बसतो. शनीला सिलिकाचं काय एवढं?)

दगड बाटलीवर ओढला, काचेवर चरा उठला. म्हणजे मऊ कॅल्साइट बाद. कॅल्सेडनीचं काठिण्य दहाच्या मापावर ६.५ ते ७, काचेहून जास्त. दिव्यासमोर धरला तर पातळ कड उजळली. तिचाच अपारदर्शक भाऊबंद जास्पर असता तर उजेड अडला असता.

खरी गंमत तुटण्यात आहे. अभ्रकाचे पापुद्रे ठरलेल्या दिशेनेच सुटतात. कॅल्सेडनीत क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म तंतू इतके दाट गुंतलेले असतात की तडेला सोयीची वाट उरत नाही. घाव नेईल तिकडे ती जाते. खिडकीच्या काचेला छर्रा लागला की मागच्या बाजूने शंकूसारखा तुकडा उडतो, तसंच इथे. कडेवर घाव घातला की अर्धवट शंकू सुटतो. म्हणून छिलक्यावर घावाखाली फुगवटा येतो आणि पुढे शिंपल्यासारख्या लाटा. दगडावर आधीच उभा कंगोरा असेल तर तड त्याच्या मागोमाग धावते आणि लांब, अरुंद पातं निघतं. त्याने मागे दोन नवे कंगोरे सोडलेले असतात, म्हणजे पुढच्या पात्यांची सोय झालीच! पहिला कंगोरा मात्र दोन्हीकडून आलटून-पालटून ठोकून घडवावा लागे. महेश्वरसमोर, नर्मदेच्या दक्षिण काठावरच्या नावडातोलीला १९५२-५३ पासून डेक्कन कॉलेज आणि बडोदा विद्यापीठाने उत्खनन केलं, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) लोकांची कॅल्सेडनीची पाती अशीच निघालेली.

नुसता फुगवटा पुरावा नव्हे, नदीत आपटूनही दगड असा फुटतो. पण भाच्याच्या तुकड्याच्या पाठीवर दोन समांतर कंगोरे होते.

“कुठे मिळाला रे?”

“पलीकडच्या काठावर. होडीतून उतरलो ना, तिथे कुठेतरी.”

‘कुठेतरी’च्या पुढे त्याला काही आठवेना.