एक्स-रेच्या वाटेतला ॲल्युमिनियमचा पत्रा

एक्स-रे काढताना पोटावर शिशाचा एप्रन दिला नाही, म्हणून रुग्णाचे नातेवाईक आणि टेक्निशियन यांच्यात खटके उडतात. नातेवाइकांचा राग समजण्यासारखा आहे. एप्रन म्हणजे काळजी, हे समीकरण कित्येक दशके आपल्या मनात पक्के बसले आहे. पण अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच सांगितले, की रुग्णाच्या जननेंद्रियांवर किंवा गर्भावर असे आवरण सरसकट घालणे आता थांबवावे. 2024 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननेही दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याचा पट्टा नको, असे सांगितले. ही हलगर्जी नव्हे. रुग्णाला वाचवणारी खरी वस्तू वेगळीच आहे आणि ती रुग्णाच्या नजरेसही पडत नाही. एक्स-रेच्या नळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा बसवलेला असतो, ती ही वस्तू.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. एक्स-रे अंगात साठून राहत नाहीत. बटण बंद केले की दिव्याचा उजेड खोलीत उरत नाही, तसेच हे आहे. नळीचा वीजपुरवठा तुटला त्या क्षणी किरण संपतात. रुग्ण किरणोत्सारी होत नाही, त्याचे कपडे होत नाहीत, खोलीही होत नाही. त्यामुळे ‘शरीरातले रेडिएशन बाहेर काढणारे’ जे काढे, चूर्णे आणि पेये विकली जातात, ती मुळात नसलेली गोष्ट बाहेर काढण्याचे पैसे घेतात. किरण जाताना पेशींमध्ये काही इजा करून गेले असतील तर ती मागे राहू शकते. तिच्यावर अशा चूर्णाचा काही उपयोग नाही.

आता पत्र्याकडे येऊ. नळीत इलेक्ट्रॉन साधारण 80 हजार व्होल्टच्या दाबाने टंगस्टनवर आदळतात. त्यांची जवळजवळ 99 टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेल्या टक्काभरातून एक्स-रे मिळतात. मात्र ते सगळे एका ऊर्जेचे नसतात. अगदी दुबळ्यापासून 80 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) सगळ्या ऊर्जांची ती सरमिसळ असते. गोम इथेच आहे. 60 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण 20 सेंटिमीटर जाडीच्या शरीरातून शंभरात एक-दोन तरी पलीकडे पोहोचतात आणि त्यांच्यापासून चित्र तयार होते. 15 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण मात्र पहिल्या चार मिलिमीटरमध्येच निम्मे होतात. पुढच्या चारमध्ये उरलेल्यांचे निम्मे. पलीकडे एकही पोहोचत नाही. म्हणजे दुबळे किरण चित्राला काडीचीही मदत करत नाहीत आणि आपली सगळी ऊर्जा रुग्णाच्या त्वचेत व तिच्या लगतच्या भागात ओतून जातात. कमी ऊर्जेचे किरण कमी धोक्याचे, असे आपल्याला वाटते. रुग्णाच्या दृष्टीने गोष्ट नेमकी उलटी आहे.

याचे कारण प्रकाशविद्युत परिणाम. 1905 मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशाबाबत ज्याचा उलगडा केला तोच हा परिणाम. यात फोटॉन, म्हणजे किरणाचा एक कण, अणूतल्या इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देऊन नाहीसा होतो. असे घडण्याची शक्यता ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनानुसार वाढते आणि फोटॉनच्या ऊर्जेच्या घनानुसार घटते. ऊर्जा दुप्पट झाली की शक्यता आठव्या हिश्श्यावर येते. शरीराच्या मऊ भागात भरपूर असलेल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8, हाडांतल्या कॅल्शियमचा 20, गुणोत्तर अडीच. अडीचचा घन जवळजवळ 16. म्हणून तेवढ्याच वजनाचे कॅल्शियम ऑक्सिजनच्या कितीतरी पट किरण शोषते, आणि म्हणूनच हाड पांढरे उमटते. ॲल्युमिनियमचा अणुक्रमांक 13, म्हणजे मध्यावर. अडीच मिलिमीटर ॲल्युमिनियममधून 15 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण हजारात जेमतेम चार-पाच पार होतात, तर 60चे शंभरातले ऐंशीहून अधिक. निवड इतकी चोख होते, की चित्राच्या कामाचे किरण बहुतेक सगळे पुढे जातात आणि निरुपयोगी किरण शरीरापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. दोनच घनांच्या बळावर हे सगळे चालते, याचे मला आजही नवल वाटते.

मग शिशाच्या एप्रनचे काय बिघडले? जे किरण एप्रनखालच्या अवयवांपर्यंत जातात, ते बहुतांशी शरीराच्या आतच विखुरलेले असतात. छातीत शिरलेला फोटॉन दिशा बदलून आतूनच पोटाकडे वळतो. बाहेर पांघरलेले शिसे त्याला अडवू शकत नाही. त्यातून एप्रन सरकून किरणांच्या झोतात आला तर नुकसानच होते. आधुनिक यंत्र पलीकडे पुरेसे किरण पोहोचले की आपोआप थांबते. संवेदकासमोर शिसे आले की यंत्राला किरण कमी पडल्यासारखे वाटते आणि ते आणखी वेळ सुरू राहते. शिवाय हवा तो भाग झाकला गेला तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. रुग्णाजवळ थांबून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र एप्रन हवाच. रुग्णाच्या शरीरातून विखुरलेले किरण त्यांच्यावर बाहेरून येतात, आणि वर्षानुवर्षे येतात.

आता शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे आकडे पाहू. ती सिव्हर्टमध्ये मोजतात, आणि मिलिसिव्हर्ट हा त्याचा हजारावा भाग. जमीन, हवेतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू, अन्न आणि अवकाश यांच्याकडून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा सुमारे 0.02, म्हणजे तीन दिवसांची नैसर्गिक मात्रा. दातांच्या छोट्या एक्स-रेची त्याहूनही कमी. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्र 10च्या आसपास, म्हणजे चार वर्षांची. एक्स-रे आणि सीटी एकाच मापाने मोजू नयेत, ते यासाठी. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच.

धोका किती? आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग जीवघेण्या कर्करोगाचा धोका एका सिव्हर्टमागे सुमारे 5 टक्के धरतो. हा हिशेब मोठ्या मात्रांवरून, मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासावरून, सरळ रेषेत खाली ओढून केलेला आहे. त्यानुसार 10 मिलिसिव्हर्टच्या सीटीने दोन हजारांत एकाला पुढे जीवघेणा कर्करोग होऊ शकतो, छातीच्या एक्स-रेने दहा लाखांत एकाला. मुळात जगात सरासरी पाचांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतोच. म्हणून न्यूमोनियाची शंका असताना एक्स-रे टाळणे हा शुद्ध तोटा. तीच सीटी डॉक्टर बदलला एवढ्यावरून पुन्हा करणे हाही तोटाच. जुनी फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी, आणि या तपासणीने उपचारात काही बदल होणार आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. गरोदर असण्याची शक्यता असेल तर ते आधीच सांगावे. गर्भावस्थेतील एक्स-रे आणि बालपणीचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांनी 1950च्या दशकात दाखवला, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला वैद्यकविश्वाला बरीच वर्षे लागली.

सर्वांत जपायचे ते मुलांना. त्यांच्या पेशी झपाट्याने विभागतात आणि पुढे आयुष्य मोठे असते. मोठ्यांसाठी ठरवलेल्या सेटिंगवरच लहान मुलांचे सीटी स्कॅन होत होते, हे 2001च्या सुमारास प्रकर्षाने पुढे आले. 2008 मध्ये मुलांच्या तपासणीतली मात्रा कमी ठेवण्यासाठीची ‘इमेज जेंटली’ ही मोहीम त्यातूनच उभी राहिली. मुलाचे सीटी करायचे ठरलेच असेल तर सेटिंग त्याच्या वजनाप्रमाणे लावले आहे ना आणि लागेल तेवढाच भाग स्कॅन होणार ना, हे दोन प्रश्न टेक्निशियनला आधीच विचारावेत.