सैरंध्रीसमोर कोमल रिषभ

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्या ‘सैरंध्री’समोर माझी मामेबहीण बराच वेळ गप्प उभी होती. ती मिरजेची, गाणं शिकवते. मी साताऱ्याची. आल्यागेल्या पाहुण्यांना, शाळेच्या मुलांना औंध दाखवायचं आणि चित्रांविषयी भरभरून बोलायचं, ही माझी हौस. ताईलाही मी सगळं सांगायला घेतलं: अज्ञातवासातली द्रौपदी, विराटाच्या राणीची दासी झालेली, कीचकाची वाईट नजर, त्याच्या महालात जाण्याचा राणीचा हुकूम. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता जरा थांब. बोलू नकोस.”

बाहेर आल्यावर यमाईच्या मूळपीठाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. तिनं तोडी राग गुणगुणायला सुरुवात केली. कोमल रिषभावर, म्हणजे सा च्या अगदी लगतच्या वरच्या सुरावर आली आणि तिथंच रेंगाळली. षड्जावर, म्हणजे गाणं जिथं विसावतं त्या सा वर, उतरलीच नाही. मी विचारलं, “ताई, अर्धवटच सोडलंस?” तर म्हणाली, “अगं, ती बाई अजून सुटलेली नाही. मग मी सा वर कशी येऊ?”

इतकी वर्षं त्या चित्राविषयी बोलत आले, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. सूर ऐकल्यावर चित्र वेगळं का दिसतं, याचा शोध मी तेव्हापासून घेते आहे.

आधी एक आकडा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात, हे संशोधकांनी गुपचूप मोजलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद. त्यातही निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. जगातल्या नामांकित चित्रांसमोरची ही गत. औंधला धावती भेट देणाऱ्यांचा हिशेब यापेक्षा फार निराळा असेल, असं मला वाटत नाही.

एवढ्या वेळात डोळ्यांना काय सापडतं? हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढ्याच जागेत आपल्याला खरोखर सुस्पष्ट दिसतं, बाकी सगळं धूसर. म्हणून डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारत चित्र तुकड्यातुकड्यानं गोळा करतात आणि मेंदू ते तुकडे जोडतो. उड्या कुठं मारायच्या, हे निम्मं चित्र ठरवतं आणि निम्मं आपल्या मनातला प्रश्न.

रशियन शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बुस यांनी १९६०च्या दशकात हे सुंदर रीतीनं दाखवलं. इल्या रेपिन यांचं एक चित्र आहे: हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात पाऊल टाकतो आणि घरचे थबकतात. यार्बुस यांनी एकाच माणसाला हे चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं, दर वेळी तीन मिनिटं, पण प्रश्न बदलून. घरची सांपत्तिक स्थिती कशी असेल, असं विचारलं की नजर कपड्यांवर आणि सामानसुमानावर फिरली. माणसांची वयं विचारली की चेहऱ्यांवरून हलेना. चित्र तेच, माणूस तोच, पण नजरेचा नकाशा दर वेळी निराळा.

चित्राविषयी सांगणाऱ्याचं काम हेच आहे, असं मी मानते. साल, शैली, राजाश्रय हे तपशील सांगायचे ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांना वाट दाखवायला. पण शब्दांना एक मर्यादा असते. मी “भीती” म्हटलं की ऐकणाऱ्याला उत्तर मिळतं आणि तो पुढच्या चित्राकडे वळतो. ताईनं उत्तर दिलं नव्हतं, नुसती ओढ लावून ठेवली होती.

स्वर आणि दृश्य यांचं नातं निव्वळ कविकल्पना नाही. आपण सूर ‘वरचा’ म्हणतो, आवाज ‘चढला’ म्हणतो. तीन-चार महिन्यांच्या बाळांवर २०१० साली एक प्रयोग झाला. चेंडू वर जाताना सूरही चढत गेला, तर बाळं जास्त वेळ पाहत राहिली. उलट केलं तर कमी. म्हणजे ही जोडी भाषा येण्याआधीची आहे. भाषा मग तिच्यावर आपापला हात फिरवते. डच माणूस सुराला उंच-खाली म्हणतो, फारसी बोलणारा पातळ-जाड म्हणतो, आणि सूर जुळवताना दोघांची गफलतही आपापल्या भाषेच्या दिशेनं होते, असं प्रयोगात आढळलं आहे. मराठीत दोन्ही आहे! चढा सूर आहे आणि बारीक आवाजही आहे.

आकारांचंही तसंच. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञानं १९२९ साली एक गुबगुबीत आणि एक अणकुचीदार आकृती घेऊन, निरर्थक शब्दांपैकी कुठला कुणाचा, हा प्रश्न पुढे आणला. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ साली ‘बूबा’ आणि ‘किकी’ हे शब्द वापरले, तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक लोकांनी बूबा गोलाला आणि किकी टोकदाराला दिला. पुढे २५ भाषांच्या लोकांवर मोठी चाचणी झाली आणि २०२२ साली तिचा निकाल आला, तेव्हा प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास उतरलं. मला हा उतरलेला आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. कल बहुतेक ठिकाणी आहे, पण सक्ती नाही.

औंधला हेन्री मूर यांचं ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प आहे. इंग्लंडच्या या थोर शिल्पकाराची कृती खटाव तालुक्यात आहे, हे ऐकून आजही लोक माझ्याकडे संशयानं पाहतात. ताईनं त्याच्यासाठी राग निवडलाच नाही. खर्जातला सा धरला आणि तिथून पंचमापर्यंत एक लांब मींड घेतली, म्हणजे सूर न तोडता घसरत नेला, कुठंही कोपरा न येऊ देता. खटका नाही, मुरकी नाही. कोलरच्या गोल आकृतीचं नाव तिनं कधी ऐकलेलं नाही.

रंगांबाबत मात्र सावध राहायला हवं. अमुक राग म्हणजे अमुक रंग, असले तक्ते फिरत असतात. २०१३ साली स्टीफन पामर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि मेक्सिकोतल्या लोकांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं संगीत ऐकवून रंग निवडायला लावले. दोन्हीकडे जलद, उल्हसित संगीताला उजळ, पिवळसर रंग मिळाले, संथ आणि उदास संगीताला गडद, निळसर. पण संशोधकांचा निष्कर्ष असा की दुवा भावनेचा आहे. सूर मनात एक भाव जागवतो आणि रंग त्या भावाला जुळणारा निवडला जातो. कोमल रिषभाचं असंच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंह यांच्या गटानं हिंदुस्थानी रागांवर केलेल्या अभ्यासात कोमल रिषभाचा संबंध ताणाशी जोडलेला दिसला. म्हणजे ताईच्या गळ्यानं जिथं मुक्काम केला, ती जागा खरोखरच अस्वस्थतेची होती.

चित्रावरून संगीत म्हटलं की रशियन संगीतकार मुसोर्गस्की आठवतो. चित्रकार आणि वास्तुकार मित्र हार्टमान १८७३ साली अचानक गेला. पुढच्या वर्षी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि ते पाहून मुसोर्गस्कीनं पियानोची एक मालिकाच रचली. चित्रांच्या मधे वारंवार येणारी एक धून आहे, दालनात चालणाऱ्या माणसाची. तिची चाल मुद्दाम असमान मात्रांची. त्यातली बहुतेक चित्रं आज सापडत नाहीत. संगीत उरलं, आणि कला-इतिहासाच्या अभ्यासकांना त्या सुरांवरून हरवलेल्या चित्रांचा माग काढावा लागतो.

आपल्याकडे हा प्रवास उलट्या दिशेनंही झाला. रागमाला चित्रांत रागच देहधारी झाले. तोडी म्हणजे वीणा घेतलेली एकटी स्त्री आणि तिच्याभोवती ओढीनं जमलेली हरणं. पिंगुळीचे चित्रकथी तर एकेक चित्र पुढे धरून गातच कथा सांगत आले. आणि कीर्तन? निरूपण आणि गाणं एकमेकांत विणलेलं. हे संग्रहालय १९३८ साली लोकांसाठी उभं करणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. त्यांच्याच दरबारचे गवई अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ औंधला संगीत महोत्सव सुरू केला. एकाच गावात टेकडीवर चित्रं आणि खाली गाणं. मला नेहमी वाटतं, ही दोन्ही दालनं मुळात एकाच घराची आहेत.

ताईचा तंबोरा अर्थातच मिरजेचा. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा नीट लागला की त्यातून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. एकही तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या कंपनातच पाचपट वारंवारतेचा एक अंश असतो, तोच हा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा किंचित उतरता माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांच्यामुळे तार घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते आणि हे वरचे अंश उजळून निघतात. यालाच जवारी म्हणतात. छेडण्याच्या जागेमुळे जे अंश नियमानं गप्प राहायला हवेत, तेही या वाद्यात बोलतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं.

तैलरंगात याच्या जवळचं काही घडतं. तेलात कालवलेला रंगाचा पातळ थर बराच पारदर्शक असतो. प्रकाश वरच्या थरातून खाली शिरतो, खालच्या रंगावरून परततो, आणि डोळ्यापर्यंत पोचेतो दोन्ही थरांचा होऊन येतो. जो रंग दिसतो तो तसाच्या तसा कुठल्याच थरात लावलेला नसतो. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे चित्रालाही जवारी असते.” विज्ञान म्हणून ही उपमा ताणू नये, पण शिकवताना मी ती हमखास वापरते.

पुढच्या खेपेला मी मुलांना आधी काही सांगितलं नाही. पायऱ्यांवर ताईनं तोडीचा तोच तुकडा गायला आणि मुलांना फक्त वहीत रेघ काढायला सांगितलं, सूर जाईल तशी. बहुतेकांच्या रेघा वर गेल्या, खाली आल्या. एका मुलीची रेघ पानाच्या कडेशी थांबली होती. मी विचारलं, “पुढे?” ती म्हणाली, “मॅडमनी पुढे गायलंच नाही की.”

मग आत गेलो. सैरंध्रीची गोष्ट मी या वेळी शेवटी सांगितली, मुलांनी विचारल्यावर. मुलं तिथं किती वेळ उभी होती, हे मोजायचं राहूनच गेलं. मागून दुसऱ्या शाळेची रांग आली आणि त्यांच्या बाईंनी “झालं का तुमचं?” म्हणून विचारलं, तेव्हा मी भानावर आले.