जुनी हातहत्यारे, मराठवाड्यातील

जुनी हातहत्यारे, मराठवाड्यातील : सुतार, लोहार, पाथरवट, गवंडी आदी कारागिरांची, तसेच रेल्वे, गिरण्या व कारखान्यांतून वापरून बाहेर पडलेली हाताने चालवायची हत्यारे, आणि आठवडी बाजार, भंगाराची दुकाने व जत्रा यांतून ती हेरून मिळवण्याचा व्यवहार. विजेवर चालणारी यंत्रे आणि शेतीची मोठी औजारे (तिफण, वखर, नांगर) या नोंदीत घेतलेली नाहीत. मात्र ती घडवणारी हत्यारे घेतली आहेत.

छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा बाजार आणि छावणीचा गुरुवारचा बाजार ही यासाठी नेहमीची ठिकाणे. पुण्याचा जुना बाजार (बुधवार व रविवार) आणि हैदराबादचा जुमेरात बाजार यांच्या तुलनेत येथील उलाढाल लहान आहे. वाळूज-चिकलठाणा पट्ट्यातील कारखान्यांच्या मोडीमुळे येथे पान्हे, कानशी, शिकंजे भरपूर दिसतात. सुतारी हत्यारे त्या मानाने कमी. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत लोखंडी सामानाची दुकाने लागतात, पण तिथला माल बहुतेक नवा असतो. घरातली जुनी चीजवस्तू अंगणात मांडून विकण्याची रीत मराठवाड्यात नाही. खंडेनवमीला ज्या हत्याराला हळद-कुंकू लागते ते घरातून सहज निघत नाही. कारागिराच्या पश्चात मुले दुसऱ्या कामाला लागली की संच भावकीत जातो, नाहीतर एकाच पोत्यात भंगारात. त्यामुळे एका घरचा पूर्ण संच एकत्र हाती लागणे दुर्मिळ.

रेल्वेच्या खुणा : कालनिश्चितीचा सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे हत्यारावर ठोकलेली मालकीची अक्षरे. वाडी-सिकंदराबाद लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला तेव्हा तो ‘निजाम्स स्टेट रेल्वे’ म्हणून ओळखला जाई. १८८० च्या दशकात हमी मिळालेली कंपनी आली आणि नावात ‘गॅरंटीड’ हा शब्द शिरला. १९३० मध्ये संस्थानाने रेल्वे विकत घेतल्यावर तो शब्द गळाला. १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. तेव्हा ‘एन.जी.एस.आर.’ अशी अक्षरे असलेले हत्यार १९३० पूर्वीच्या खरेदीतले मानायला हरकत नाही. ‘एन.एस.आर.’ ही अक्षरे तत्त्वतः १८७० च्या दशकातीलही असू शकतात. परंतु मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे जाणारा गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकला गेला, म्हणून मराठवाड्यात सापडणाऱ्या अशा हत्यारांचा काळ १९३० ते १९५१ धरणे अधिक सयुक्तिक. हा काळ खरेदीचा आहे, वापराचा नव्हे. रेल्वेच्या भांडारातील घण किंवा पान्हा चार-चार दशके चालत असे. पूर्णा हे मीटरगेजचे मोठे केंद्र होते. लातूरच्या बाजूला बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग होता आणि तिचा कारखाना कुर्डुवाडीला, म्हणजे मराठवाड्याबाहेर होता. त्या मार्गाचे रुंदीकरण २००८ पर्यंत पूर्ण झाले.

कारखानदारांच्या शिक्क्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. शेफील्डच्या पटाश्या व करवती, अमेरिकेतील स्टॅन्लीचे लोखंडी रंधे आणि शेफील्डचेच ‘रेकॉर्ड’ हे १९३० नंतरचे रंधे येथे अधूनमधून मिळतात. ‘कास्ट स्टील’ हा ठसा पाहून ‘ओतीव, म्हणजे ठिसूळ’ असा समज करून घेणारे विक्रेते व गिऱ्हाइके दोन्ही भेटतात. वस्तुतः तो मुशीत वितळवून शुद्ध केलेल्या पोलादाचा ठसा आहे. ही पद्धत बेंजामिन हंट्समनने अठराव्या शतकाच्या मध्यास शेफील्ड येथे रूढ केली. मालावर देशाचे नाव असण्याला ब्रिटनच्या १८८७ च्या आणि हिंदुस्थानच्या १८८९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्यांनी चालना मिळाली. म्हणून ‘इंग्लंड’ असे कोरलेले हत्यार त्यानंतरचे, हा ठोकताळा बहुधा लागू पडतो. मात्र नाव नाही म्हणून ते त्याआधीचे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. पंजाबातील कारखान्यांनी इंग्लिश-अमेरिकन घाटाचेच रंधे स्वातंत्र्यानंतर मोठ्या प्रमाणावर काढले. शिक्का झिजला की केवळ घाटावरून ते वेगळे ओळखणे कठीण जाते.

पोलादाचा वाद : नांदेड, देगलूर, किनवट भागातील जुन्या वाकस (लाकूड तासण्याचे सुताराचे हत्यार) व कुऱ्हाडींबद्दल ‘हे निर्मळकडचे पोलाद’ असे सांगितले जाते. या म्हणण्याला काही आधार आहे. शेजारच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम येथे मुशीतले पोलाद तयार होत असे, त्यासाठी निर्मळ परिसरातील खनिज वापरले जाई आणि ते घ्यायला इराणी व्यापारी येत. भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयझी याने या उद्योगाचे प्रत्यक्ष पाहून केलेले वर्णन १८३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. एका मतानुसार इतक्या जवळ तयार होणारे पोलाद सीमेपलीकडच्या लोहारांपर्यंत पोहोचले नसेल हे संभवत नाही. दुसरे मत असे, की हे पोलाद महाग होते, त्याची मागणी तलवारीच्या पात्यांसाठी होती, आणि कार्बनचे प्रमाण जास्त (साधारणतः एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान) असल्याने ते गावच्या भट्टीत साध्या लोखंडाला जोडणे कौशल्याचे व जोखमीचे काम होते. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण हाती येणाऱ्या हत्यारांची घडण त्याच्याशी जुळते.

ही घडण वाकसावर स्पष्ट दिसते. त्याचा बहुतेक भाग मऊ लोखंडाचा असून धारेकडे बोटभर रुंदीची पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडलेली असते. पाते बारीक पाटीवर घासून तिरप्या उजेडात धरले तर जोडाची रेघ उमटते : वरचा भाग मळकट करडा, धारेकडचा उजळ. कानस वरच्या भागावर चावते, धारेजवळ निसटते. मऊ लोखंड जुने असेल तर गंजलेल्या भागात लाकडाच्या रेषांसारखे तंतू दिसतात. पट्टी झिजली की लोहार नवी पट्टी लावून पाणी देई (तापवून विझवून कठीण करी). ही दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चाले. तेव्हा एकाच वाकसाचा दांड्याचा डोळा एका काळचा आणि धार दुसऱ्या काळची असू शकते. ट्रक-मोटारगाड्यांच्या वर्दळीच्या काळात त्यांच्या कमानीचे पाटे सहज मिळू लागल्यावर धारेला तेच पोलाद लागू लागले. घिसाडी आजही रस्त्याकडेला भाता लावून याच पाट्यांतून कुऱ्हाडी, विळे घडवतात. यामुळे निव्वळ धारेच्या कठीणपणावरून हत्याराला ‘निजामकालीन’ म्हणणे टिकत नाही.

सान (धार लावायचे फिरते चाक) घेतानाची ठिणगीही बाजारात पुरावा म्हणून दाखवली जाते. फुटून फुलणारी ठिणगी कार्बन जास्त असल्याचे सांगते, इतकेच. पोलाद कोनासमुद्रमचे की कमानीचे, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय सानेवर धार निळी पडली की पाणी उतरते आणि हत्यार कामातून जाते. विकत घेण्याआधी कोणालाही सान लावू देऊ नये.

निवड व भाव : पटाशीची पाठ पाहावी. पुढच्या बाजूचे गंजाचे खड्डे चालतात, पाठीवर धारेलगत असलेले चालत नाहीत, कारण धार त्या सपाटीवरच उभी असते. लोखंडी रंध्याच्या तोंडाशी तडा असेल तर तो सोडावा. पाते आखूड झाले असेल तर भाव पाडून घ्यावा. लाकडी रंधा, खतावणी, दोरीने फिरवायचा सामता यांत वाळवी आधी शोधावी. दांडे बहुधा बाभळीचे आणि ते बदललेले असतात. तो दोष मानू नये. विक्रेता शिक्क्याच्या मालाला नगावर भाव सांगतो, बाकीचे किलोवर काढतो. सकाळी भवानीच्या वेळी फार घासाघीस केलेली त्याला खपत नाही.

या भावपद्धतीचा परिणाम गंभीर आहे. शिक्का नसलेला स्थानिक वाकस, किकरे किंवा सामता मोडीच्या ढिगात जातो आणि मराठवाड्यातली मोड मोठ्या प्रमाणात जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वितळून बांधकामाच्या सळया होते. शेफील्डची पटाशी इंग्लंडात आणि इतरत्रही मिळेल; भोकरदन किंवा कंधारकडच्या लोहाराने तिफणीचे चाडे कोरणाऱ्या सुतारासाठी घडवलेले हत्यार फक्त इथेच मिळते. तेर येथील संग्रहालयाचा भर सातवाहनकालीन अवशेषांवर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु गेल्या दोन शतकांतील बलुतेदारांच्या हत्यारांनाही तशीच जागा हवी. तोपर्यंत हे काम वैयक्तिक संग्राहकांवरच आहे. त्यांनी हत्याराबरोबर गाव, तालुका, कोणत्या कामाचे आणि कोणाकडून मिळाले एवढे तरी कागदावर लिहून ठेवावे.

गंज काढण्यासाठी चिंचेचे पाणी किंवा व्हिनेगर, सैल करण्यासाठी रॉकेल आणि शेवटी तेलाचा हात पुरतो. ठसा असलेल्या जागी पॉलिश कागद लावू नये. अर्धवट अक्षरे घासली गेली की कालनिश्चितीचा तो एकमेव आधार जातो. संपूर्ण चकचकीत करावे की जुनी काळपट झाक राखावी, याबाबत वापरणारे आणि संग्रह करणारे यांच्यात एकमत नाही. धार आणि पाठ एवढेच उघडे करून बाकी पृष्ठभाग तसाच ठेवण्याची मधली पद्धत बरी.

हिमरू व पैठणीच्या मागांची हत्यारे आणि दगडकामाच्या टाक्या (छिन्न्या) या बाजारांत तुरळक येतात. अडकित्ते, विळ्या, पितळी कुलपे यांचा व्यवहार पितळेच्या जुन्या भांड्यांबरोबर चालतो आणि त्याचे गिऱ्हाईकही वेगळे असते.