काटा तेवढाच उतरला, साखर नाही

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याला अजूनही पडवीतच ऐकावं लागतं, "कधी इलंस? सुकलंस मरे!" वजन उतरलं म्हणजे काहीतरी बिनसलं, ही कोकणातली जुनी समजूत. हल्ली तोच चाकरमानी मुद्दाम वजन उतरवतो, गावचा भाऊही उतरवतो. पुढे रक्ततपासणीत एकाची साखर झटकन खाली येते, दुसऱ्याची जागची हलत नाही. मग संशय भातावर, नाहीतर 'चोरून खात असशील' म्हणून माणसावर.

संशय जनुकांवरही घ्यायला हवा. कॅनडात संशोधक क्लोद बुशार यांनी एकसारख्या, म्हणजे जनुकंही सारखीच असलेल्या, जुळ्या तरुणांच्या 7 जोड्यांना मोजून-मापून जेवण दिलं आणि 93 दिवस व्यायाम करायला लावला. 1994 साली निष्कर्ष छापून आले: सरासरी 5 किलो वजन उतरलं, पण कुणाचं जेमतेम 1 किलो, तर कुणाचं 8. एकाच जोडीतल्या दोघांचे आकडे मात्र जवळजवळचे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, चरबी गेली ती कुठली? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, म्हणजे काट्याच्या हिशेबाने सारखेच. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2! त्वचेखाली चरबी साठवायची ताकद प्रत्येकाची वेगळी, आणि त्यात जनुकांचा हात असतो. कणगी लहान असली की उरलेलं भात माजघरात रचावं लागतं, तशी जास्तीची चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती जाऊन बसते. अंगाने काटकुळा, पोट तेवढं पुढे आणि साखर वाढलेली, असा गडी आपल्या वाडीत दाखवायला फार शोधावं लागणार नाही.

यकृताचीच गोष्ट जरा जवळून पाहू. पीएनपीएलए3 या जनुकाचं एक रूप 2008 साली लक्षात आलं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनात 148 व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. हे बदललेलं प्रथिन यकृतातल्या चरबीच्या थेंबांवर साचून राहतं आणि चरबी फोडायचं काम अडवतं. थोडक्यात, हे रूप असणं वाईटच. पण फिनलंडमध्ये अशा काही लोकांना आणि साधं रूप असलेल्या काहींना 6 दिवस कमी उष्मांकाचं, कमी कर्बोदकांचं जेवण दिलं, तेव्हा वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं आणि यकृतातली चरबी पहिल्यांची 45 टक्क्यांनी घटली, दुसऱ्यांची 18. माणसं जेमतेम दीड डझन होती, तेव्हा फार नाचायला नको. तरी ज्याचं जनुक खोडकर, त्यालाच लाभ जास्त, हे मला फार आवडलं.

टीसीएफ7एल2 या जनुकाचंही तसंच. मधुमेहाशी असलेलं त्याचं नातं पुण्यातल्या रुग्णांमध्येही आढळलं आहे. त्याचं धोक्याचं रूप आईबापांकडून दोन्ही बाजूंनी आलं की इन्सुलिन पुरेसं सुटत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटात अशा लोकांना मधुमेहाचा धोका हे रूप नसलेल्यांपेक्षा सुमारे 80 टक्के जास्त होता. आहार, चालणं आणि वजन उतरवणं ज्यांनी मनावर घेतलं, त्यांच्यात हा फरक जवळपास पुसला गेला.

मग लाळ तपासून 'तुमचा डाएट' सांगणारी महागडी पाकिटं मागवायची का? माझ्या मते त्या पैशात चांगला सुरमई येईल. स्टॅनफर्डमध्ये 609 जणांवर वर्षभर हे तपासलं. कमी स्निग्ध आहार कुणाला मानवेल आणि कमी कर्बोदकांचा कुणाला, हे जनुकांवरून सांगता आलं नाही, असं 2018 साली जाहीर झालं. जनुक नशिबाला लावून बसणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: एफटीओ या जनुकाचं स्थूलतेचं रूप दोन्ही बाजूंनी आलेल्यांचं वजन सरासरी 3 किलो जास्त भरतं खरं, पण आहार-व्यायामाने ते उतरतं इतरांइतकंच.

तपासायचंच तर कंबर मोजा. आपल्याकडे धोक्याची रेघ पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80. सोबत उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी). काटा हलला नाही म्हणून संध्याकाळचं चालणं सोडणाऱ्यांनी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांची 2006 सालची चाचणी पाहावी. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांना त्यांनी आहार आणि चालण्याची सवय लावली. त्यांचं वजन फारसं उतरलं नाही, मधुमेहाचा धोका मात्र 28.5 टक्क्यांनी घटला.