‘डोपामिन डिटॉक्स’ असं काही नसतं, पण सोशल मीडियाची सुट्टी जरूर घ्या

सध्या दर दोन दिवसांनी एक तरी फॉरवर्ड येतो, की मोबाईलमुळे मेंदूत डोपामिन साठलंय, ते उतरवायला आठवडाभर इन्स्टा-फेसबुक बंद ठेवा, म्हणजे मेंदू ‘रीसेट’ होतो. सुट्टी घ्यावी हे मला शंभर टक्के पटतं, पण दिलेलं कारण साफ चुकीचं आहे, आणि चुकीच्या कारणावर उभं केलेलं काम दोन दिवसांत बारगळतं म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

डोपामिन हे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, शरीरात साठणारं विष नाही. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन्स होतो, हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, त्यामुळे डोपामिन ‘काढून टाकणं’ ही कुणाला हवीशी वाटावी अशी अवस्थाच नाही. ते ‘आनंदाचं रसायन’ आहे हेही अर्धवटच. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं, तर ते उंदीर समोरचं अन्नसुद्धा खाईनात, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. गोड आवडत होतंच, ते मिळवायला हलायची ओढ मात्र गेली होती. आवडणं वेगळं आणि ओढ वेगळी. अर्धा तास रील्स बघून ‘काय बघितलं’ ते आठवत नाही आणि तरी अंगठा थांबत नाही, त्याचं मूळ बहुतेक इथेच आहे.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. व्होल्फ्राम शुल्त्झ नावाचे शास्त्रज्ञ, त्यांनी माकडांच्या मेंदूत केसाइतक्या बारीक तारा घालून एकेका डोपामिन पेशीचे सिग्नल ऐकले. या पेशी एरवी सेकंदाला तीन-चार वेळा सावकाश टिकटिक करत असतात. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब दिला की टिकटिक एकदम वाढते, इथवर सगळं अपेक्षेप्रमाणेच. मग रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. माकड शिकलं, आणि गंमत म्हणजे आता पेशी दिव्याला वाजायला लागल्या, रस आला तेव्हा ढिम्म! पुढे दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी टिकटिक चक्क थांबली. म्हणजे त्या पेशी रस मोजतच नव्हत्या. १९९७ साली शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी मांडलं की त्या मोजतात फरक: जे मिळालं वजा जे अपेक्षित होतं. याला रिवॉर्ड प्रेडिक्शन एरर, म्हणजे बक्षिसाच्या अंदाजातली चूक, म्हणतात. पगार एक तारखेला जमा झाला तर कोणी नाचत नाही, न सांगता बोनस आला तर पेढे वाटतो, आणि ठरलेला बोनस आला नाही तर पगार तेवढाच असूनही महिनाभर तोंड पडलेलं असतं, तसंच हे.

हे जरा आकड्यात बघू, कारण त्याशिवाय मजा कळत नाही. समजा चांगली रील म्हणजे १, फालतू म्हणजे ०, आणि दहातल्या तीन रील्स खरंच चांगल्या निघतात. मेंदूची अपेक्षा झाली ०.३. चांगली निघाली तर फरक १ वजा ०.३, म्हणजे +०.७. फालतू निघाली तर ० वजा ०.३, म्हणजे −०.३. दहा रील्सचा हिशोब करा: तीन वेळा +०.७ म्हणजे २.१, सात वेळा −०.३ म्हणजे −२.१, बेरीज शून्य. हिशोबाअंती हातात काही नाही, पण पुढची काय निघेल हे कधीच पक्कं होत नसल्यामुळे फरक येतच राहतो, एकदा वर एकदा खाली, आणि मेंदूचं शिकणं बंद होत नाही. आणि फोन थरथरतो तो क्षण कधी येणार हे माहीत नसतं, म्हणजे आधीची अपेक्षा शून्य, आणि थरथरला की ती ०.३ होते (मेसेजही दहातले तीनच चांगले धरू), त्यामुळे मेसेज उघडायच्या आधीच तिथे +०.३ मिळून जातो, म्हणजे फोनची थरथर हाच माकडाचा दिवा. २००३ साली शुल्त्झ यांच्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली, रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल तर दिवा लागल्यापासून रसाच्या वेळेपर्यंत पेशींची टिकटिक हळूहळू चढत जाते, आणि शक्यता शून्य किंवा शंभर टक्के असेल तर तशी चढत नाही. त्याचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. आणि हे सगळं माकडांच्या मेंदूतलं आहे, इन्स्टावर ते जसंच्या तसं चिकटवता येत नाही हेही लक्षात ठेवायचं.

वागणुकीच्या पातळीवर मात्र हे फार जुनं आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचा मोठा ग्रंथच काढला होता. चोच मारल्यावर दरवेळी दाणा मिळणारं कबुतर, दाणे बंद झाले की लवकर थांबतं. कधी मिळतो कधी नाही अशी सवय लागलेलं कबुतर दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. म्हणून सुट्टीचे पहिले काही दिवस हात सारखा खिशाकडे जातो, त्यात तुमची इच्छाशक्ती कमी आहे असं काही नाही.

आणि इथेच ‘रीसेट’ची कल्पना कोसळते. शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी ‘आता इथे काही मिळत नाही’ हे नवीन शिकणं बसतं. अन्नाची खूण मिळाली की लाळ गाळायला शिकलेल्या पाव्लॉव्हच्या कुत्र्यांमध्येसुद्धा, अन्न देणं बंद केल्यावर विझलेली सवय थोड्या विश्रांतीनंतर आपोआप परत डोकं वर काढायची. मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की हे नवीन शिकणं जागेला बांधलेलं असतं, दुसऱ्या पिंजऱ्यात विझवलेली सवय जुन्या पिंजऱ्यात आणल्यावर पुन्हा उभी राहते. म्हणून कोकणातल्या नेटवर्क नसलेल्या होमस्टेमध्ये दोन दिवस ‘डिटॉक्स’ करून माणूस ताजातवाना होतो खरा, पण घरच्या सोफ्यावर बसला की अंगठा पूर्ववत, कारण सोफ्यावर बसूनही काही मिळत नाही हे मेंदूला शिकायला मिळालेलंच नसतं.

फोनच्या त्रासावरच्या अशा उपायांच्या बाजारात रेडिएशन, म्हणजे फोनमधून निघणाऱ्या लहरी, शोषणारे स्टिकरही विकले जातात, आणि २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाने मोबाईलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप जाहीर केली होती. पुरावा विचारला पाहिजे हो. शिवाय फोनने सिग्नल पकडायला लहरी लागतातच, त्या खरंच अडवल्या तर फोन उलट जास्त जोर लावून लहरी सोडणार. झोप उडवतं ते रात्री एक वाजेपर्यंतचं स्क्रोलिंग, त्याला चिपचा काय उपयोग?

सुट्टीचा फायदा मोजलाय का? हो. २०१८ च्या अमेरिकन निवडणुकीआधी हंट ऑलकॉट वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,७०० लोक घेतले आणि त्यातल्या एका गटाला पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा साधारण एक तास वाचला, तो घरच्यांसोबत-मित्रांसोबत गेला आणि एकट्याने टीव्ही बघण्यातही गेला. समाधान वाढलं, पण थोडंसंच. बातम्यांची माहिती कमी झाली. पैसे मिळणं थांबल्यावरही या लोकांचा वापर आधीपेक्षा कमी राहिला, मला तर हा निकाल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि आपल्याकडे सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात पोरांच्या हातात अभ्यासासाठी फोन आले ते शाळा सुरू झाल्या तरी सुटेनात, म्हणून २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत होते. मला हे इतकं आवडतं कारण वर सांगितलेलं सगळं यात नकळत बसतं. जागा घरचीच, वेळ रोजची तीच, आणि मुख्य म्हणजे शेजारीपाजारीही त्याच वेळी थांबलेले. सोशल मीडियावरचा दाणा टाकतं कोण, तर दुसरी माणसं. तीच वहीपुस्तक घेऊन बसलीत, ओट्यावर बोलत बसलीत, तर सव्वासातला फोन उचलून गावातलं तरी कोण उत्तर देणार? एकट्याने सुट्टी घेतली तर ग्रुपवर काय चाललंय ही टोचणी राहतेच.

शहरात भोंगा नाही, पण एका मजल्यावरची चार घरं किंवा भावंडांचा एक ग्रुप मिळून रोजचा एक तास नक्की ठरवू शकतो. फोन दुसऱ्या खोलीत, नोटिफिकेशन बंद, आणि त्या तासात काय करायचं हे आधीच ठरलेलं, नाहीतर अमेरिकेतल्यासारखा टीव्ही लागतो. महिनाभर तरी करा. आणि काही अर्जंट असेल तर सरळ कॉल करा असं आईवडिलांना, ऑफिसच्या लोकांना सांगून ठेवा, कारण काहीतरी महत्त्वाचं सुटेल या धास्तीनेच फोन सगळ्यात आधी परत हातात येतो.