एमबीबीएस प्रवेशातल्या ‘दोन्ही हात शाबूत’ या अटीची पार्श्वभूमी

1995च्या कायद्याने अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या. एमबीबीएसच्या त्या जागांवर कोण बसणार, हे मात्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाने ठरवलं: अपंगत्व फक्त पायांत हवं, तेही 50 ते 70 टक्के. असे उमेदवार नसतील तर 40 ते 50 टक्केवाल्यांचा विचार. डॉक्टर हाताने तपासतो, डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो, मग यांपैकी कशात उणीव असून कसं चालेल, हा त्यामागचा विचार.

हा विचार आपल्याकडेच होता असं नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या सल्लागार गटाने 1979 साली उमेदवारांच्या किमान क्षमतांची यादी केली. निरीक्षण, संवाद, हालचाल, बौद्धिक क्षमता आणि वर्तन अशा पाच गोष्टी त्यात होत्या. मधे दुसऱ्या कोणाला न घालता ही कामं स्वतःच करता आली पाहिजेत, असा तिचा रोख होता. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकू कमी येणाऱ्या एका विद्यार्थिनीला नर्सिंगचा प्रवेश नाकारणं योग्य ठरवलं.

आपल्याकडे 2016च्या कायद्याने चित्र बदललं. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, उच्च शिक्षणातलं आरक्षण 5 टक्के झालं आणि ‘वाजवी सोय’ (अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून करायचे योग्य ते बदल) हा शब्द कायद्यात आला. कौन्सिलने 2019 साली नवे तक्ते काढले, पण मोजपट्टी टक्क्यांचीच ठेवली, वर ‘दोन्ही हात शाबूत, संवेदनेसह’ ही अट. 40 टक्क्यांखाली आरक्षण नाही आणि काही प्रकारांत 40 ओलांडले की प्रवेशच नाही, असा तो विचित्र तक्ता होता. महाराष्ट्रातला, वाचा-भाषा अपंगत्व असलेला एक विद्यार्थी नेमका याच फटीत अडकला. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्केवारीवर अपात्र ठरवता येणार नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने बघावं. फेब्रुवारी 2025 मध्ये हातांची अटही न्यायालयाने अमान्य केली.

निकालाने प्रवेश मिळतो. पुढची साडेपाच वर्षं शिकवणाऱ्याची, आणि त्याच्या हातात असतं क्षमतेच्या, म्हणजे विद्यार्थ्याला काय जमलं पाहिजे ते सांगणाऱ्या, वाक्यातलं क्रियापद. ‘हृदयाचे आवाज ऐकतो’ असं लिहिलं की कर्णबधिर विद्यार्थी तिथेच बाद. ‘ओळखतो’ लिहिलं की पडद्यावरचा आलेखही चालतो. तोही सरसकट उपाय नाही, श्रवणयंत्र वापरणाऱ्याची अडचण वेगळी. कानामागचं श्रवणयंत्र घातलं की स्टेथोस्कोपची टोकं कानात बसत नाहीत. यंत्र काढावं तर रुग्णाचं बोलणं सुटतं. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप थेट यंत्राला जोडता येतो, पण श्रवणयंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं आणि हृदयाचे आवाज त्याहून बरेच खालच्या पट्टीतले. हृदयाचा तिसरा, फार खालच्या पट्टीतला आवाज तर हमखास गळतो. म्हणून ऑडिओलॉजिस्टकडून यंत्रात वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्यावा लागतो, आणि तो पहिल्या वॉर्ड पोस्टिंगआधी. परीक्षेच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नसतो.

जादा वेळेचंही तसंच. 2018च्या केंद्रीय सूचनांत लेखी परीक्षेला ताशी किमान 20 मिनिटं आहेत, म्हणजे एक तृतीयांश. हे प्रमाण ओएससीईला, म्हणजे ठरावीक मिनिटांच्या एकेका स्टेशनवर फिरत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, लावलं तर 5 मिनिटांच्या स्टेशनला 6 मिनिटं 40 सेकंद होतात. इथे घोळ होतो, कारण घंटा सगळ्यांना एकच. मग ‘शेवटी जादा वेळ घे’ असं सांगितलं जातं, तोवर स्टेशनं मागे गेलेली. त्या विद्यार्थ्याची फेरी शेवटी, वेगळ्या घंटेवर घेतली की प्रश्न सुटतो. मात्र जिथे वेग हेच कौशल्य आहे तिथे जादा वेळ लागू नाही. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबण्याची गती मिनिटाला 100 ते 120, ती सगळ्यांना तीच. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला मॅनिकिन (सरावाचा पुतळा) जमिनीवरून उचलून योग्य उंचीच्या टेबलावर द्यायचा. तरीही 5 सेंटिमीटर खोली मिळत नसेल, तर दाब दुसऱ्याने द्यायचा आणि गती, खोली, दाब देणाऱ्यांच्या अदलाबदलीची वेळ यांच्या सूचना विद्यार्थ्याने द्यायच्या. गुण त्या सूचनांना, आणि हे गुणपत्रिकेवर आधीच छापलेलं हवं.